अडलेला प्रश्न बाहेर कसा मांडावा: बेळगाव भागातल्या छोट्या उद्योगांसाठी ओपन इनोव्हेशनची सुरुवात

उद्यमबाग, मच्छे, होनगा, कुठल्याही छोट्या फाउंड्रीत (धातू वितळवून साच्यात ओतणाऱ्या कारखान्यात) जा, कारखाना तीन-चार डोक्यांवर चालतो: मालक, पॅटर्नवाला (वाळूत ज्याचा ठसा घेतात तो नमुना, म्हणजे पॅटर्न, बनवणारा), फर्नेसवरचा जुना माणूस आणि फार तर एखादा सुपरवायझर. काही अडलं की यांनाच विचारायचं. यांना सुचलं नाही तर रिजेक्शन, म्हणजे नाकारला गेलेला माल, सोसायचं आणि पुढची ऑर्डर घ्यायची. पण त्याच उद्यमबागेत इंजिनिअरिंग कॉलेजं आहेत, शहरात विश्वेश्वरय्या तंत्रशास्त्र विद्यापीठाचं मुख्यालय आहे, आणि निपाणी ओलांडून पुढे गेलं की कागल, गोकुळ शिरगाव, शिरोलीपर्यंत ओतकामातली जाणती माणसं पसरलेली आहेत. आपला अडलेला प्रश्न ठरवून, शिस्तीने अशा बाहेरच्या माणसांपुढे ठेवणं, आणि आपल्याकडे पडून असलेलं ज्ञान दुसऱ्याला वापरायला देणं, याला ओपन इनोव्हेशन म्हणतात. अमेरिकन प्राध्यापक हेन्री चेसब्रो यांनी २००३ मध्ये ही कल्पना या नावाने मांडली आणि मोठमोठ्या कंपन्यांनी ती उचलून धरली. छोट्यांना तिची गरज अधिक आहे, कारण त्यांच्याकडे संशोधन विभाग नसतो.

यात संगणक आणि मोबाइल तीन ठिकाणी कामाला येतात. प्रश्नाच्या नोंदी ठेवायला, प्रश्न योग्य माणसापर्यंत पोचवायला आणि आलेलं उत्तर तपासायला. नवखे लोक मधल्या कामापासून सुरुवात करतात. कुठलं पोर्टल, कुठलं ॲप, कुठली स्पर्धा हे आधी विचारतात. माझं स्पष्ट मत आहे की ऐंशी टक्के कष्ट पहिल्या कामावर घ्यावेत. नीट नोंदलेला प्रश्न साध्या ईमेलनेही उत्तर घेऊन येतो. नोंदी नसलेल्या प्रश्नाला कुठलंही पोर्टल वाचवत नाही.

कॅनडातल्या गोल्डकॉर्प या खाणकंपनीचं उदाहरण या विषयात नेहमी दिलं जातं, आणि ते देण्यासारखंच आहे. रेड लेक इथल्या खाणीत सोनं कुठे शोधायचं हे कंपनीच्या भूगर्भतज्ज्ञांना उमगेना. तेव्हा २००० साली कंपनीने सुमारे ५५,००० एकरांवरची सगळी भूगर्भीय माहिती इंटरनेटवर खुली केली आणि ५,७५,००० डॉलरची बक्षिसं लावली. पहिलं बक्षीस ऑस्ट्रेलियातल्या लोकांनी मिळवलं. त्यांनी ती खाण डोळ्यांनी पाहिलीही नव्हती, माहितीवरून तिचं त्रिमितीय चित्र संगणकावर उभं केलं होतं. लोक बक्षिसाची रक्कम लक्षात ठेवतात. मला महत्त्वाची वाटते ती आधीची गोष्ट: १९४८ पासूनची नोंद कंपनीने एका साच्यात, संगणकाला वाचता येईल अशी करून ठेवली, म्हणूनच दुसऱ्या खंडातला माणूस तिच्यावर काम करू शकला.

पायरी १: एकच प्रश्न निवडा

पहिल्या खेपेला एकच. तो वारंवार येणारा असावा, मोजता येणारा असावा, आणि सुटला तर पैशात फरक दिसावा. ‘धंदा वाढवायचा आहे’ हा प्रश्न नाही. ‘या एका पॅटर्नचं रिजेक्शन कमी करायचं आहे’ हा आहे. भाजी उत्पादकांची कंपनी असेल तर ‘चोर्ला घाटातून गोव्याला जाणाऱ्या टोमॅटोतला किती माल उतरवताना फेकावा लागतो’ हा आहे. अथणीच्या चप्पल कारागिरांचा गट असेल तर ‘ऑनलाइन मागवलेली जोडी मापाला बसत नाही म्हणून परत येते’ हा आहे. पुढे मी फाउंड्रीचंच उदाहरण चालवतो. तुमचा धंदा वेगळा असला तरी पायऱ्या त्याच राहतात.

पायरी २: नोंदी अशा ठेवा की परक्या माणसाला कळाव्यात

या पायरीला दोन-तीन महिने द्या. घाई करू नका.

संगणकावर एक तक्ता उघडा. गुगल शीट्स फुकट आहे आणि बहुतेकांना चालतं. रकाने एवढेच ठेवा: तारीख, पाळी, हीट नंबर (हीट म्हणजे एका वेळी वितळवलेल्या धातूची खेप), पॅटर्न नंबर, वाळूतला ओलावा, ओततानाचं तापमान, किती ओतले, किती नाकारले, दोषाचा कोड, फोटो. एका ओळीत एकच हीट आणि एकच पॅटर्न. आकड्याच्या रकान्यात फक्त आकडा. ‘४.२ टक्के, जरा ओलसर’ असं लिहिलं की संगणकाला तो आकडा राहत नाही आणि पुढे सरासरी निघत नाही. ‘जरा ओलसर’ ही माहिती मोलाची आहे, पण तिच्यासाठी शेरा नावाचा शेवटचा रकाना द्या.

शॉप फ्लोअरवर संगणकासमोर कुणी बसणार नाही. म्हणून गुगल फॉर्म करून मोबाइलवर द्या. भरलेली माहिती आपोआप तक्त्यात जाते. मोबाइल चालत नसेल तिथे छापील कागद भिंतीला लावा आणि पाळी संपली की ऑफिसातल्या माणसाने तो चढवावा. दुसऱ्या दिवसावर टाकलं की नोंद आठवणीतून होते, आणि आठवणीतला आकडा कामाचा नसतो.

आता आपल्या भागाची खास अडचण. एकाच शेडमध्ये सुपरवायझर मराठी बोलतो, मोल्डिंगवरचा माणूस कन्नड, फेटलिंगला (ओतलेला तुकडा साफ करण्याच्या कामाला) हिंदी चालते, आणि ग्राहकाचं ड्रॉइंग इंग्रजीत असतं. एकाच दोषाला चार जण चार नावं देतात आणि तक्त्यात चार वेगळे दोष उभे राहतात. यावर सगळ्यात चांगला उपाय म्हणजे फोटोंचा तक्ता. नाकारलेल्या कास्टिंगांमधून नमुने निवडा: ब्लोहोल (वायूने पडलेलं छिद्र), श्रिंकेज (धातू आक्रसून पडलेली पोकळी), कोल्ड शट (धातूचे दोन प्रवाह नीट न जुळणं), वाळू पडलेली, मिसरन (साचा पूर्ण न भरणं), बाकीचे. प्रत्येकाचा स्वच्छ फोटो काढून खाली १ ते ६ आकडा घाला, मोठ्या आकारात छापून तपासणीच्या टेबलाजवळ लावा. फॉर्ममध्ये फक्त आकडा निवडायचा. भाषा कुठलीही असो, ३ म्हणजे ३.

शेरा मात्र ज्याला त्याला स्वतःच्या भाषेत देऊ द्या. मोबाइलच्या कीबोर्डवर मराठी आणि कन्नड दोन्हींत बोलून टाइप करता येतं, आणि युनिकोडमुळे दोन्ही लिप्या एकाच तक्त्यात सुखाने नांदतात. नंतर भाषांतर करायला गुगल ट्रान्सलेट आहे, केंद्र सरकारचं २०२२ मध्ये सुरू झालेलं भाषिणी आहे. यंत्राने केलेलं भाषांतर दोन्ही भाषा येणाऱ्या माणसाच्या नजरेखालून घालाच, कारण कारखान्यातले शब्द ते हमखास चुकवतं. बेळगाव, खानापूर, निपाणीत असा माणूस शोधावा लागत नाही, ही आपली मोठीच जमेची बाजू आहे.

फोटो व्हॉट्सॲपवर साठवू नका. तिथे ते लहान होतात, मोबाइल बदलला की जातात आणि हीट नंबराशी त्यांचा संबंध तुटतो. पाठवायचेच झाले तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे मूळ आकारात जातात.

शेवटचं: हा तक्ता मालकाच्या मुलाच्या वैयक्तिक जीमेलवर असू नये. कारखान्याच्या नावाने वेगळं खातं काढा, द्विस्तरीय पडताळणी चालू करा, आणि काम सोडून गेलेल्या माणसाचा प्रवेश त्याच दिवशी काढून टाका.

पायरी ३: प्रश्न एका पानात लिहा

समजा एखादा मालक असं लिहितो: ‘पंप बॉडीला ब्लोहोल फार येतात. उपाय सुचवा.’ याला जगातला कुठलाही तज्ज्ञ एकच उत्तर देईल: वाळू तपासा.

तोच प्रश्न नोंदींच्या आधारे असा लिहिता येतो. आकडे कल्पित आहेत, घडण बघा:

‘ग्रे आयर्न, १२ किलोचं कास्टिंग, भिंतीची जाडी ८ मिमी. ग्रीन सँड मोल्डिंग, शेल कोअर. वरच्या फ्लँजजवळ मशीनिंगनंतर २ ते ४ मिमीची, आतून गुळगुळीत छिद्रं दिसतात. सकाळच्या पहिल्या दोन हीटमध्ये जास्त, दुपारनंतर जवळजवळ नाहीत. वाळूतला ओलावा ३.२ ते ४.१ टक्के, सकाळ-दुपार त्यात मोठा फरक नाही. व्हेंट वाढवून पाहिले, उपयोग झाला नाही. पॅटर्नमध्ये बदल एकदाच परवडेल. हवं आहे: खरं कारण दाखवणारी चाचणी, जी आमच्याच शेडमध्ये करता येईल.’

हे वाचून जाणता माणूस लगेच विचारेल, सकाळी लेडल (वितळलेला धातू ओतायचं भांडं) नीट तापवता का? अस्तरात ओल राहिली तर पहिल्या हीटना वायू धरतो. उत्तर ते असेल किंवा नसेलही, पण चर्चा वाळूवरून योग्य जागी सरकली. ती सरकवली ‘सकाळच्या पहिल्या दोन हीट’ या चार शब्दांनी, आणि ते शब्द तक्त्यात पाळीचा आणि हीट नंबरचा रकाना होता म्हणून सापडले. सगळ्या लेखातून एकच गोष्ट घ्यायची असेल तर ही घ्या.

पानात पाच गोष्टी हव्याच: काय घडतं, कधी आणि कुठे घडतं, काय करून पाहिलं, मर्यादा कोणत्या, आणि उत्तर म्हणून नेमकं काय हवं. ‘काय करून पाहिलं’ हे लिहायला लोक लाजतात. लाजू नका. ते लिहिलं नाही तर तीच जुनी युक्ती दहा जण पुन्हा सुचवतात.

पान मराठी, कन्नड आणि इंग्रजी तिन्हींत करा. विद्यार्थी आणि प्राध्यापक इंग्रजी वाचतील. पण निवृत्त मोल्डर, पॅटर्न बनवणारा कारागीर, कोल्हापूरकडचा ओतकामवाला यांच्याकडून येणारं उत्तर मराठी-कन्नड पानामुळेच येईल.

पायरी ४: काय द्यायचं आणि काय राखायचं

खुलं करणं म्हणजे सगळं उघड करणं नव्हे. जॉबवर्क करणाऱ्यांनी आधी हे तपासावं: ड्रॉइंग कुणाचं आहे? ग्राहकाने दिलेलं ड्रॉइंग ग्राहकाचं असतं आणि ते बाहेर दाखवायचा हक्क आपल्याला नसतो. हत्तरगीच्या एरोस्पेस क्षेत्रासारख्या ठिकाणी काम करणाऱ्यांना तर गोपनीयतेचे करार कडक असतात. मार्ग असा की मूळ भाग दाखवायचाच नाही. तेवढ्याच जाडीचा, तसाच फ्लँज असलेला साधा चाचणी-तुकडा काढायचा, त्यात दोष येतो का पाहायचं आणि प्रश्न त्या तुकड्यावर मांडायचा. त्याच्या त्रिमितीय ड्रॉइंगची फाइल स्टेप (.step) फॉरमॅटमध्ये द्या. ती फ्रीकॅडसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्येही उघडते, म्हणजे महागडं लायसन्स नसलेला विद्यार्थीही काम करू शकतो.

तक्ता बाहेर देण्यापूर्वी त्याची वेगळी प्रत काढा. तीतून कामगारांची नावं, मोबाइल नंबर, ग्राहकांची नावं आणि दर काढून टाका. व्यक्तींच्या डिजिटल माहितीसाठी आता २०२३ चा कायदा आहे, आणि कायदा नसता तरी कुणाच्या पाळीत किती रिजेक्शन झालं हे गावभर करणं बरं नव्हे. शेअर करताना ‘लिंक असलेल्या कुणालाही’ हा पर्याय टाळा. ठरावीक ईमेलना फक्त पाहण्याचा हक्क द्या.

तुमच्याकडे स्वतःची नवी युक्ती असेल तर क्रम नीट पाळा. भारतात पेटंटचा अर्ज करण्याआधी ती जाहीर केली तर साधारणपणे तिचं नावीन्य संपतं आणि पेटंट हातचं जातं. आधी प्रोव्हिजनल (तात्पुरता) अर्ज करा, मग बोला. त्यानंतर पूर्ण अर्जाला १२ महिने मिळतात. ऑनलाइन अर्जाची सरकारी फी व्यक्ती, स्टार्टअप आणि लघुउद्योगांना १,६०० रुपये आहे. वकिलाचा खर्च वेगळा. नुसत्या आकाराचं, नक्षीचं वेगळेपण असेल तर डिझाइन नोंदणी पाहा. तिचं संरक्षण १० वर्षं असतं आणि आणखी ५ वर्षं वाढवता येतं. तिथेही आधी नोंदणी, मग प्रदर्शन.

कोल्हापुरी चपलेची गोष्ट वेगळी आहे. तिच्या भौगोलिक मानांकनात (ठरावीक भागातल्या मालालाच ते नाव वापरू देणाऱ्या नोंदणीत) महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे आहेत, बेळगाव त्यातला एक. हा हक्क सगळ्या कारागिरांचा मिळून आहे. त्यामुळे अथणी किंवा निपाणीच्या एका गटाने मापाचा, शिवणीचा प्रश्न बाहेर मांडला तर उत्तरही सगळ्यांसाठी खुलं ठेवणं मला न्याय्य वाटतं.

पायरी ५: कुणाला विचारायचं

जवळून सुरुवात करा. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट करावाच लागतो आणि चांगला विषय मिळत नाही अशी मुलांची तक्रार असते. वर्ष सुरू व्हायच्या आधी विभागप्रमुखांना आपलं एक पान पाठवा. सेमिस्टर अर्ध्यावर आल्यावर पाठवलं तर विषय ठरून गेलेले असतात. इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ फाउंड्रीमेनची बेळगाव शाखा आणि इथलं फाउंड्री क्लस्टर ही दुसरी दारं. हुबळीला देशपांडे स्टार्टअप्स ही नव्या उद्योगांना आधार देणारी संस्था आहे. कर्नाटक सरकारच्या ‘बियाँड बेंगळुरू’ धोरणात हुबळी-धारवाड-बेळगाव हा एक विभागच धरलेला आहे.

सीमेपलीकडे विचारायला संकोच नको. सरकारी योजनांचे पैसे उद्योग कुठल्या राज्यात नोंदलेला आहे त्यावर ठरतात, ज्ञानाला ती अट नाही. कोल्हापूरकडची फाउंड्री तुमच्याच ग्राहकाला माल देत नसेल तर दोघांनी एकाच साच्यातल्या नोंदी ठेवून अदलाबदल करावी. दोघांचाही फायदा आहे.

मोठी पोर्टलं नंतर. एली लिली या औषध कंपनीने २००१ मध्ये इनोसेंटिव्ह सुरू केलं, तेव्हापासून बक्षीस लावून प्रश्न विचारायची पद्धत जगभर रुळली. आपल्याकडे २०१७ पासून स्मार्ट इंडिया हॅकेथॉन भरते. दोन्ही ठिकाणी शेकडो प्रश्नांत आपला प्रश्न वेगळा दिसावा लागतो, म्हणून आधी जवळच्या दोन-तीन जणांवर आपलं पान घासूनपुसून घ्या.

पायरी ६: कामाआधी लिखापढी

विद्यार्थी किंवा प्राध्यापक कामाला लागण्यापूर्वी एका पानावर लिहून सह्या घ्या: उत्तराची मालकी कुणाची, पेटंट झालं तर नावं कुणाची, प्रोजेक्ट रिपोर्ट कॉलेजच्या लायब्ररीत ठेवायचा की नाही, साहित्य आणि प्रवासाचा खर्च कोण देणार, मोबदला किती. मुलांकडून फुकट काम करून घेऊ नये असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. उत्तर लागू पडलं आणि दरमहा नुकसान वाचू लागलं तर त्यातला वाटा त्यांना मिळाला पाहिजे.

श्रेय नोंदवायला संगणक फार उपयोगी पडतो. सीएसआयआरने (वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने) २००८ मध्ये क्षयरोगावरच्या औषधांसाठी खुला संशोधन प्रकल्प सुरू केला, त्यात कुणी किती लहान भर घातली तेही नावानिशी ऑनलाइन नोंदलं जाई. आपल्या तक्त्यातही ‘कुणी सुचवलं’ असा रकाना ठेवा आणि त्यात फर्नेसवरच्या माणसाचंही नाव येऊ द्या. बाहेरच्या तज्ज्ञाला हार आणि आतल्या माणसाचा विसर, असं झालं की पुढच्या वेळी आतून कुणी तोंड उघडत नाही.

चर्चा एका जागी ठेवा: एक सामाईक फोल्डर, त्यात प्रश्नाचं पान, नोंदींची प्रत, फोटो आणि निर्णयांची वही. फोनवर ठरलेलं त्याच दिवशी दोन ओळींत वहीत लिहा. फाइलच्या नावात तारीख आणि आवृत्तीचा आकडा घाला. ‘फायनल’, ‘फायनल नवं’ अशी नावं देऊ नका.

पायरी ७: उत्तर तपासताना पावसाळा विसरू नका

एका वेळी एकच गोष्ट बदला. लेडल तापवण्याची वेळ आणि कोअरची (तुकड्यात पोकळी ठेवणाऱ्या गाभ्याची) वाळू दोन्ही एकदम बदलली तर गुण कशाचा हे कधीच कळणार नाही. त्याच दिवशी, त्याच पॅटर्नवर, काही हीट जुन्या पद्धतीने आणि काही नव्या पद्धतीने काढा, आणि फॉर्ममध्ये ‘जुनी की नवी’ एवढा एक रकाना वाढवा.

आपल्याकडे पावसाळ्यात हवेतली ओल इतकी असते की वाळू, कोअर, अस्तर सगळ्यांवर तिचा परिणाम होतो. ऑगस्टमधलं रिजेक्शन आणि जानेवारीतलं रिजेक्शन शेजारी ठेवून ‘उपाय लागू पडला’ म्हणणं चूक आहे. तो ऋतूचा फरक असू शकतो. तुलना त्याच दिवसांची करा, नाहीतर गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करा. त्यासाठी गेल्या वर्षीच्या नोंदी हव्यात, म्हणूनच दुसऱ्या पायरीला एवढी जागा दिली.

उपाय फसला तरी ज्याने सुचवला त्याला आकड्यांसह कळवा. बहुतेक ठिकाणी हे होत नाही. माणूस डोकं लावतो, मग महिनोन् महिने निरोप नाही, आणि पुढच्या वेळी तो उत्तर देत नाही. फसलेल्या चाचणीचे आकडे मिळाले तर तोच माणूस पुष्कळदा दुसरा, अधिक बरा उपाय सुचवतो.

आपल्याकडचं बाहेर देणं

हा अर्धा भाग बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. तुम्ही केलेला दोषांच्या फोटोंचा तक्ता, तीन भाषांतला फॉर्म, वाळूच्या चाचणीची पद्धत यात धंद्याचं गुपित काही नाही, पण शेजारच्या शेडला त्याचा मोठा उपयोग आहे. ते क्रिएटिव्ह कॉमन्ससारख्या परवान्याखाली खुलं करा: वापरा, बदला, मूळ नाव ठेवा. दहा फाउंड्रींनी तोच साचा वापरला तर दहा ठिकाणच्या नोंदी एकमेकींशी जुळतील आणि एकट्याच्या तक्त्यात न दिसणारा कल त्यात दिसेल.

गुपित असेल पण आपण वापरत नसू, तर ते परवान्यावर देता येतं. एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) मंत्रालयाच्या २०२२ च्या ‘एमएसएमई इनोव्हेटिव्ह’ योजनेत इनक्युबेशन, डिझाइन आणि बौद्धिक संपदा असे तीन भाग आहेत. पेटंट आणि डिझाइनच्या खर्चाची भरपाई तिसऱ्या भागातून मागता येते. त्यासाठी उद्यम नोंदणी (लघुउद्योगाची सरकारी नोंदणी) लागते. ती ऑनलाइन आणि विनाशुल्क होते, एजंटला पैसे देऊ नका. योजनेच्या रकमा आणि अटी बदलत राहतात, म्हणून अर्ज करायच्या दिवशी पोर्टलवर वाचून घ्या.